शिलोहचा बुरूज आणि कुर्ल्यातली इमारत

२७ जून २०२२च्या रात्री कुर्ला पूर्वेला नाईक नगर सोसायटीतल्या चार मजली इमारतीचा भाग कोसळला आणि एकोणीस माणसे गेली. मृतांत पोटासाठी मुंबईत आलेले, भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारे मजूर होते. इमारत धोकादायक असल्याचे महापालिकेने आधीच कळवले होते. मग अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर जे होते ते झाले: मदतीच्या घोषणा, जबाबदारीची ढकलाढकल, आणि ‘देवाची मर्जी’ हे दोन शब्द.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अशीच एक बातमी आहे. यरुशलेमेत शिलोहचा बुरूज पडून अठरा जण ठार झाले होते. लोक येशूकडे आले होते ते दुसरीच बातमी घेऊन. यज्ञासाठी गेलेल्या गालीलकरांना पिलाताने कापून काढले होते. बुरुजाचा विषय येशूने स्वतःहून काढला. एक मृत्यू सत्तेने घडवलेला, दुसरा बांधकाम कोसळल्यामुळे ओढवलेला. दोन्ही शेजारी ठेवून त्याने विचारले, हे मेलेले लोक इतरांपेक्षा जास्त पापी होते असे तुम्हाला वाटते काय? उत्तरही त्यानेच दिले: नाही. आणि लगेच बोलण्याचा रोख जिवंतांकडे वळवला. तुम्ही पश्चात्ताप केला नाही, तर तुमचाही असाच नाश होईल, असे त्याने बजावले.

तारण कोणाचे होते, देव सार्वभौम आहे म्हणजे काय, शास्त्र कसे वाचायचे, या तीन प्रश्नांवर ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकापासून भांडत आली आहे. हे तिन्ही प्रश्न लूकच्या या एकाच अध्यायात एकामागोमाग येतात, आणि तिन्ही ठिकाणी येशू विचारणाऱ्याची नजर दुसऱ्यावरून त्याच्या स्वतःकडे फिरवतो. त्यावरून मला जे म्हणायचे आहे ते इतकेच. देवाने मला राखले, निवडले, तारले, हे माणसाने स्वतःविषयी म्हणावे. त्यात श्रद्धेचा सगळा गाभा आहे. तेच वाक्य उलटे करून दुसऱ्याच्या कपाळावर लिहिले, की ते खोटे होते. मग ते कितीही वचनांचे दाखले देऊन म्हटलेले असो.

कुर्ल्यात हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी पात्र सोडून क्रांतीनगर, बैलबाजार या वस्त्यांत शिरली. साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरच्या वर माणसे गाडली गेली. त्यानंतरच्या प्रार्थनासभांत साक्षी झाल्या नसतील असे होणे शक्य नाही. साक्ष देणे हा आपल्या मंडळ्यांतला फार जिव्हाळ्याचा प्रकार आहे. माणूस उभा राहतो आणि सांगतो की पाणी गळ्यापर्यंत आले होते, मी धावा केला, देवाने मला बाहेर काढले. ही साक्ष खरी आहे. ती देणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी खरे आहे. तिला तर्काच्या चिमट्यात पकडून ‘मग शेजारच्या खोलीतल्या बाळाला का नाही काढले’ असे विचारणे क्रूरपणाचे होईल.

पण हाच प्रश्न त्या बाळाच्या आईने विचारला तर? ती त्याच सभेत मागच्या रांगेत बसलेली असू शकते. तिला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे तुझा विश्वास कमी पडला. दुसरे म्हणजे देवाची योजना आपल्याला कळत नाही, पण ती योजनाच होती. पहिले उत्तर तर शिलोहच्या बुरुजाखालीच गाडले गेलेले आहे. येशूने ते स्पष्ट शब्दांत नाकारले. दुसरे उत्तर अधिक नम्र वाटते, म्हणून अधिक काळजीने पाहायला हवे. कारण त्यात अज्ञानाची कबुली आणि ज्ञानाचा दावा एकाच श्वासात आहेत. योजना कळत नाही म्हणायचे, आणि हे मरण त्या योजनेत बसते हे मात्र कळते म्हणायचे. मी त्या आईला हे सांगू शकणार नाही. येशूने बुरुजाखाली मेलेल्यांच्या घरच्यांना असे काही सांगितल्याची नोंद शुभवर्तमानात नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? तिथेही तो दोन्ही पर्याय झिडकारतो आणि आंधळ्याला डोळे धुवायला पाठवतो. कुठे? त्याच शिलोहच्या तळ्यावर.

आपल्या शेजाऱ्यांकडेही याच जागी शब्द आहेत. कोणी प्रारब्ध म्हणतो, कोणी तकदीर. त्या शब्दांत सांत्वन असते हे मी नाकारत नाही. दुःख सोसायला माणसाला काहीतरी टेकू लागतो. पण टेकू सोसणाऱ्याने स्वतः घेतलेला असावा. नाईक नगरच्या बाबतीत ‘देवाची मर्जी’ असे धोकादायक इमारतीत खोल्या भाड्याने देणारा म्हणू लागला, नोटीस काढून पुढे गप्प बसलेली यंत्रणा म्हणू लागली, तर तो देवनिंदेचाच प्रकार आहे. तिसरी आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नका म्हणते. आपण ती शपथा आणि शिव्यांपुरती मर्यादित केली आहे. स्वतःच्या गुन्ह्यावर देवाच्या नावाचा शिक्का मारणे हे त्या आज्ञेचे त्याहून मोठे उल्लंघन आहे. येशूने बुरुजाच्या बातमीनंतर पश्चात्तापाची भाषा काढली ती जिवंतांसाठी. ज्यांचे घर अजून उभे आहे, ज्यांच्या सहीने भिंती उभ्या राहतात किंवा पडतात, त्यांच्यासाठी. ‘तुमचाही असाच नाश होईल’ हे शब्द धमकी म्हणून वाचणारे पुष्कळ आहेत. मला त्यात पुढच्या इमारतीविषयीची चिंता दिसते.

इथे माझे सुधारकी परंपरेतले मित्र मला थांबवतील, आणि त्यांनी थांबवावेच. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाचे काय, असे ते विचारतील. याकोब आणि एसाव आईच्या पोटात असताना, त्यांनी बरेवाईट काही केलेले नसताना, देवाने एकाला निवडले. फारोचे मन देवाने कठीण केले. मातीच्या एकाच गोळ्यातून कुंभार एक भांडे मानाचे आणि एक हलक्या कामाचे घडवतो. मातीने जाब विचारायचा नसतो. पौलाचे हे शब्द स्पष्ट आहेत. मग निवड ही फक्त स्वतःविषयी म्हणायची गोष्ट आहे, हे कोणत्या आधारावर?

हा आक्षेप वजनदार आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने पेलागियसशी वाद घातला तो याच अध्यायाच्या बळावर. माणूस स्वतःच्या जोरावर चांगला होऊन देवापर्यंत पोहोचतो हे मत मंडळीने नाकारले आणि योग्यच केले. कारण ते मत दुर्बलांच्या विरोधात जाते. व्यसनात अडकलेल्याला, मनाने खचलेल्याला, ज्याच्या आयुष्यात ‘प्रयत्न कर’ हा सल्ला हजारदा फसला आहे त्याला, तारण हे बक्षीस आहे असे सांगणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणे. कृपा आधी येते, माणसाचा होकार नंतर येतो, आणि तो होकारही कृपेच्याच बळाने येतो. इथवर मी ऑगस्टीनच्या पाठीशी उभा आहे.

पण नववा अध्याय कुठे सुरू होतो ते पाहा. कुंभार आणि मातीच्या आधी, याकोब आणि एसावाच्याही आधी, पौल सांगतो की त्याच्या हृदयात अखंड वेदना आहे. आपल्या रक्ताच्या लोकांसाठी आपण स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल, इतकी. जो माणूस दुसऱ्यांच्या तारणासाठी स्वतःचे तारण पणाला लावायला निघाला आहे, त्याच्या लेखणीतून पुढचे सगळे उतरले आहे. आणि हे लिखाण नवव्या अध्यायात संपत नाही. ते अकराव्याच्या अखेरीस संपते. तिथे पौल म्हणतो, देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले ते सर्वांवर दया करावी म्हणून. ‘सर्व’ म्हणजे एकूण एक माणूस की यहुदी आणि परजातीय असे दोन्ही समूह, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. कोणताही अर्थ घेतला तरी नवव्या अध्यायात जे नाकारलेले वाटत होते ते अकराव्यात दयेच्या वर्तुळात येतात, एवढे निर्विवाद आहे. तीन अध्यायांचा एक युक्तिवाद मध्येच तोडून त्याच्या पहिल्या तुकड्यावर अनंतकाळचा निकाल रचणे, ही वाचनातली चूक आहे.

कुंभाराचा दाखलाही पौलाने शून्यातून काढलेला नाही. तो यशयात आहे आणि यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात आहे. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो तेव्हा चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातात बिघडते. कुंभार काय करतो? ती माती टाकत नाही; तिचेच दुसरे भांडे घडवतो. कुर्ल्याहून धारावीच्या कुंभारवाड्यात जायला फार वेळ लागत नाही. तिथे चाकाशेजारी उभे राहिलेल्या कोणालाही हे दिसते, की फसलेला घट पुन्हा गोळा होतो, पुन्हा मळला जातो. ओल्या मातीत काही वाया जात नाही. यिर्मयाला मिळालेला खुलासा तर याहून पुढचा आहे: एखाद्या राष्ट्राच्या नाशाचा हुकूम देवाने काढला आणि ते राष्ट्र वळले, तर देवही आपला हुकूम फिरवतो. म्हणजे कुंभाराचे सार्वभौमत्व पुन्हा घडवण्याच्या सामर्थ्यात दाखवले आहे. शास्त्राचा अर्थ शास्त्राने लावावा हे सुधारकांचेच तत्त्व. ते पाळले तर रोमकरांस पत्रातला कुंभार यिर्मयाच्या कुंभाराहून वेगळा असू शकत नाही.

कॅल्विनचे नाव घेऊन अनेकदा त्याच्यावर अन्याय केला जातो. आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९च्या अंतिम आवृत्तीत त्याने पूर्वनिवडीचा विषय आरंभी, देवाच्या स्वरूपाच्या चर्चेत ठेवलेला नाही. तो तिसऱ्या भागात, विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांवरच्या लांब प्रकरणांनंतर येतो. जो विश्वासात आला आहे, प्रार्थना करू लागला आहे, तो मागे वळून पाहतो आणि हे माझ्या कर्तबगारीने झाले नाही असे ओळखतो. त्या ओळखीचे नाव निवड. छळाला तोंड देणाऱ्या, देशोधडीला लागलेल्या फ्रेंच निर्वासितांना हा केवढा आधार वाटला असेल. नाकारलेल्यांविषयीच्या हुकमापाशी आल्यावर मात्र तो हुकूम भयंकर आहे अशी कबुली कॅल्विनने स्वतः दिली आहे. पुढे १६१८-१९मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने आपल्या सिद्धान्तांची सुरुवातच निवडीपासून केली. प्रार्थनेच्या शेवटी यायचे ते दाराच्या चौकटीवर लटकले. क्रम बदलला आणि त्याबरोबर विषयाचा स्वभाव बदलला, असे माझे मत आहे.

कॅथलिकांनाही या बाबतीत ऐट मिरवण्याचे कारण नाही. १५८८मध्ये लिस्बनमध्ये येशूसंघीय मोलिना याचा ग्रंथ निघाला आणि कृपा व मानवी स्वातंत्र्य यांच्या संबंधावरून येशूसंघीय आणि डॉमिनिकन यांच्यात असा वाद पेटला की एकमेकांना पाखंडी ठरवण्यापर्यंत मजल गेली. प्रकरण रोममध्ये वर्षानुवर्षे चालले. दोन पोपांच्या कारकिर्दी त्यात खर्ची पडल्या. १६०७मध्ये पाचव्या पॉलने दोन्ही बाजूंना आपापले मत बाळगायची मुभा दिली, एकमेकांना दूषणे द्यायची मनाई केली, आणि निर्णय योग्य वेळी कळवू म्हटले. तो निर्णय कधीच आला नाही. याच काळात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचत होते. ते १६१६मध्ये छापले गेले. एकीकडे तर्काची कोंडी, दुसरीकडे ओवीत सांगितलेली तारणाची कथा. मंडळी कोंडी सोडवू शकली नाही, तरी तारणाची कथा सांगायची थांबली नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायाकडे परत येतो. बुरुजाच्या पाठोपाठ सभास्थानातला प्रसंग आहे. एक बाई अठरा वर्षे कमरेत वाकलेली. तिला सरळ उभेच राहता येत नाही. शब्बाथाच्या दिवशी येशू तिला बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी शास्त्र काढतो: कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. त्याचे वचन चुकीचे नाही. आज्ञेत ते शब्द खरोखर आहेत. येशू शास्त्र बाजूला सारत नाही. तो विचारतो की शब्बाथाला तुम्ही बैल आणि गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता ना? मग अब्राहामाच्या या लेकीची गाठ का सोडू नये? शास्त्राचा अर्थ लावण्याची याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही. वचन हातात असलेला माणूस आणि वाकलेली बाई समोरासमोर आल्यावर अर्थ ठरवताना बाईची पाठ पुराव्यात धरायची.

महाराष्ट्रात ही शिकवणी पूर्ण आयुष्यभर जगलेली एक बाई होऊन गेली. पंडिता रमाबाईंच्या वडिलांची, अनंतशास्त्री डोंगऱ्यांची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना जाब द्यावा लागला, आणि उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून आपली बाजू मांडली. ग्रंथ तेच, वाचन वेगळे. त्या वाचनामुळेच रमाबाई घडल्या. पण पुढे दुष्काळात या कुटुंबाची तीर्थयात्रा उपासमारीत संपली. वडील, आई, बहीण थोड्याच काळात गेले. नवस, दाने, पारायणे सगळे करूनही. देवाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न रमाबाईंना ग्रंथात भेटला नाही, तो त्यांच्यावर कोसळला. त्या आणि भाऊ श्रीनिवास वाचले. वाचलेल्यांनी काय करायचे असते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न झाला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यामागे लंडनमध्ये पाहिलेले एक काम होते: समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथल्या धर्मभगिनी जवळ करत होत्या. यामागचे कारण विचारले तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी ठेव म्हणून दिली असे त्यांनी मानले नाही. त्रैक्याच्या शिकवणुकीबद्दल, मंडळीच्या अधिकाराबद्दल त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी पत्रांतून जो वाद घातला, तो वाचताना आजही माणूस सरळ बसतो. एका प्रकारच्या शास्त्र्यांच्या तावडीतून सुटून आपण दुसऱ्या प्रकारच्या शास्त्र्यांच्या हाती जाणार नाही, हा त्यांचा बाणा होता. आणि गंमत नव्हे, मोठी गोष्ट ही की इतक्या खटपटीनंतरही त्या म्हणत राहिल्या की १८८३मध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम यांचे पुस्तक वाचून त्यांना हे जाणवले. बाप्तिस्म्याने तारण की विश्वासाने, या भांडणात पक्ष घेऊन त्यांनी ते सांगितले नाही. १९०७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःबद्दल सांगितले. मी वर साक्षीविषयी जे म्हटले त्याचा याहून उत्तम नमुना मराठी माणसाने शोधू नये.

१८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वाचलेल्यांनी काय करायचे याचे उत्तर रमाबाईंनी तिथे दिले. भुकेचे मरण पाहिलेली ती बाई दुष्काळी भागात गेली आणि शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभे राहिले. हे सगळे देवाने का घडवले याचा निबंध तिने लिहिला नाही. पुण्यात प्लेग आला आणि तिच्या आश्रयातल्या मुलींना सरकारी व्यवस्थेत वाईट वागणूक मिळाली, तेव्हा ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये तिने जाहीर तक्रार केली. प्लेग देवाचा असेल, रुग्णालय सरकारचे होते. हा भेद तिला पक्का ठाऊक होता.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले, साध्यासुध्या बायकांना वाचता यावे म्हणून. छपाईचे काम मुक्तीतल्याच स्त्रियांनी केले. १९२२मध्ये रमाबाई गेल्या, १९२४मध्ये ते प्रसिद्ध झाले. शास्त्राचा अर्थ कोणी लावायचा, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मला मान्य आहे: ज्याला त्याची गरज आहे, त्याच्या हातात ते आधी पोहोचले पाहिजे. यावर धोका दाखवला जातो की प्रत्येकाच्या हाती शास्त्र गेले की जितकी डोकी तितके अर्थ होतात. होतात. कुर्ल्यातल्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सभांत एकेका वचनावरून मंडळ्या फुटतात. पण सभास्थानातल्या त्या एकट्या अधिकाऱ्याच्या हाती अर्थ सोपवून जे होते, ते अठरा वर्षे वाकलेल्या बाईने पाहिले आहे.

याच अध्यायात पुढे एक जण उभा राहून थेट प्रश्न टाकतो: प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत काय?

कुर्ल्यात हा प्रश्न पोर्तुगीज काळापासून मुक्कामाला आहे. इथले होली क्रॉस चर्च त्या काळातले. १८४८मध्ये ते पुन्हा बांधले गेले. ज्यांनी सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेतला त्यांचे भाऊबंद पलीकडच्या आळीत पूर्वीच्याच देवांना भजत राहिले. शेती एक, भाषा एक, आणि प्रवचनात ऐकायचे की मंडळीबाहेर तारण नाही. फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२च्या पत्रात जपानमधल्या नव्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहिले आहे. आपले मेलेले आईबाप नरकातून कधीच सुटणार नाहीत असे ऐकून ते लोक रडत. झेवियरनाही त्यांच्या रडण्याने वाईट वाटले, पण उत्तर बदलता आले नाही. कुर्ल्यातल्या आमच्या गावठाणातल्या पूर्वजांचे अश्रू कोणी पत्रात लिहिले नाहीत. ते गाळले गेले नसतील असे मला वाटत नाही.

उत्तर बदलायला चारशे वर्षे लागली. १९५३मध्ये बोस्टनच्या लेनर्ड फीनी या धर्मगुरूला रोमने बहिष्कृत केले. ‘मंडळीबाहेर तारण नाही’ हे वाक्य त्याने इतके अक्षरशः घेतले होते की कॅथलिक नसलेल्या कोणालाही त्यात जागा उरत नव्हती. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मंडळीविषयीचा आपला मुख्य दस्तऐवज जाहीर केला. ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलेले नाही, पण जे प्रांजळपणे देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असे त्यात स्पष्ट आले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत उतरले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. हा योगायोग कोणाला किरकोळ वाटेल. ज्यांच्या एका घरात मिस्सा आणि शेजारच्या घरात आरती चालत आली आहे, त्यांच्यासाठी तो किरकोळ नव्हता.

‘थोडेच आहेत काय’ असे विचारणाऱ्या त्या माणसाला येशूने आकडा सांगितला नाही. थोडे असेही नाही, पुष्कळ असेही नाही. तुम्ही अरुंद दाराने आत जाण्याची शिकस्त करा, असे तो म्हणाला. पुन्हा तेच वळण. प्रश्न त्यांच्याविषयी, उत्तर तुमच्याविषयी. त्यापुढचे बोलणे अधिक बोचरे आहे. आम्ही तुझ्या पंक्तीला जेवलो, तू आमच्या रस्त्यांवर शिकवलेस, असे म्हणणारे बाहेर राहतील आणि पूर्व-पश्चिमेकडून, उत्तर-दक्षिणेकडून लोक येऊन पंगतीला बसतील. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशी तर दोन्ही बाजूंना आश्चर्य वाटते. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातले त्यांना आपण कोणाला जेवू घातले ते ठाऊक नव्हते, आणि ज्यांना सगळे ठाऊक असल्याची खात्री होती ते उघडे पडतात. अरुंद दार आहे, नाश आहे, हे मी खोडत नाही. येशूच्या तोंडचे शब्द खोडण्याचा अधिकार मला नाही. मात्र दाराशी बसून इतरांची यादी करण्याचे काम त्याने कोणाला दिलेले दिसत नाही.

मग सुवार्ता कशाला सांगायची, हा शेवटचा आक्षेप. शेजारी नाशाकडे चाललाच आहे अशी खात्री नसेल, तर त्याला बोलावण्यात तळमळ कुठून येणार? मला हा आक्षेप समजतो, पण यामागचे मानसशास्त्र पटत नाही. रमाबाईंनी आयुष्यभर लोकांना ख्रिस्ताकडे बोलावले. रेव्हरंड टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत. पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी तो पूल जाळला नाही. हाक मारणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. आईने अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावे यासाठी ते उपाशी मरणार आहे अशी तिची खात्री असावी लागत नाही. तेराव्या अध्यायाच्या अखेरीस येशू यरुशलेमेला उद्देशून शोक करतो: कोंबडी पिले पंखांखाली घेते तसे तुझ्या लेकरांना जवळ घ्यायची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. देवाची इच्छा आणि माणसाचा नकार इथे एकाच वाक्यात शेजारी उभे आहेत, आणि बोलणारा रडवेला आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा हे १६०७मध्ये रोमला ठरवता आले नाही, डॉर्टला ठरवता आले असे मला वाटत नाही. ज्याला दुसऱ्याच्या नाशाविषयी बोलायचेच असेल, त्याने निदान या शोकाच्या सुरात बोलावे.

पौलालाही तीन अध्यायांनंतर गाठ सुटली नाही. अकराव्या अध्यायाच्या अखेरीस तो स्पष्टीकरण देणे थांबवतो आणि देवाच्या न कळणाऱ्या मार्गांची स्तुती करू लागतो. अध्यायांचे आकडे नंतर कोणी तरी घातले. त्याच्या पत्रात तिथे खंड नाही. पुढच्याच ओळींत तो रोममधल्या मंडळीला सांगू लागतो की पाहुण्यांना घरात घ्या, रडणाऱ्यांबरोबर रडा, आणि वैरी भुकेला असेल तर त्याला जेवायला घाला.